आपली नाती, परकी भाषा



ब्रह्मदेशाचं नाव काढलं की मराठी माणसाला मंडाले आठवतं, आणि मंडाले म्हटलं की लोकमान्य. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे टिळक तिथल्या तुरुंगात होते. ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं ते तिथेच. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच वर्षांत, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, मिंज्यान नावाच्या गावी एक लहानशी मराठी मुलगी अंगणात खेळत होती, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मिंज्यान म्हणजे कापसाच्या व्यापाराचं गाव. तिथल्या एका कापूस कंपनीत गणेश हरी करमरकर नोकरीला होते. १९०५ सालच्या १५ डिसेंबरला त्यांच्या घरी मुलगी झाली. ब्रह्मदेशाची गंगा म्हणजे इरावती नदी. तिचंच नाव त्यांनी मुलीला ठेवलं. हीच मुलगी पुढे डॉक्टर इरावती कर्वे म्हणून देशोदेशी गाजली.

आज या बाईंविषयी बोलायचं कारण सांगतो. आमच्या तेरखेड्याच्या शाळेत एकदा मी मुलांना त्यांची गोष्ट सांगत होतो. आपल्या देशातली नातीगोती, सोयरीक, कुळी यांवर बाईंनी केवढा मोठा ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत कसा छापला गेला, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, बाई आपल्या, लोकं आपले, नाती आपली. मग पुस्तक इंग्रजीत कशापायी? आमच्या आजीला ते वाचून दाखवायचं तर कसं?” वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. पुढे बरेच दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. आजचं हे बोलणं म्हणजे त्या पोराला दिलेलं उशिराचं उत्तर आहे, असं समजा.

इरावती सात वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिला शिकायला पुण्याला धाडलं. हुजूरपागेच्या शाळेत ती राहू लागली. तिथे तिला मैत्रीण मिळाली ती शकुंतला परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल रँग्लर परांजपे यांची मुलगी. परांजपे कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी नेलं आणि दुसऱ्या मुलीसारखं वाढवलं. घरात पुस्तकं, चर्चा, वाद. आणि मुलीने बोलू नये असं कुणी म्हणणारं नाही. १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन ती पदवीधर झाली. मग मुंबईला प्राध्यापक घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ साली ती एम. ए. झाली. लग्न झालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी. सासरा विधवांच्या शिक्षणासाठी पायपीट करणारा, नवरा रसायनशास्त्राचा प्राध्यापक. असं सासर त्या काळात किती मुलींच्या वाट्याला आलं असेल?

१९२८ सालीच इरावतीबाई जर्मनीला गेल्या. बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची एक मोठी संस्था होती आणि तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. या फिशरसाहेबांचं मत असं की गोऱ्या माणसाची बुद्धी जात्याच वरचढ, आणि त्याची खूण त्याच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या फरकात सापडेल. बाईंना त्यांनी हाच विषय दिला. निरनिराळ्या देशांतल्या, आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्यासुद्धा, माणसांच्या कवट्या समोर ठेवून त्या मोजायच्या. एकेक कवटी हातात घ्यायची, मापं टिपायची, आकडे मांडायचे. आणि आकड्यांनी काय सांगितलं? कवटीत थोडं डावं-उजवं असतं खरं. पण ते सगळ्याच लोकांत असतं. गोरा-काळा यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. परका देश, परकी भाषा, कर्ज काढून आलेली पंचविशीच्या आतली एक हिंदी बाई. पदवी ज्याच्या हातात, त्याच गुरूचं मत तिच्या आकड्यांनी खोटं ठरत होतं. आकडे थोडे इकडेतिकडे केले असते तर कुणाला कळलं असतं? बाईंनी तसं केलं नाही. जे सापडलं तेच लिहिलं. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे हिटलरच्या राज्यात वंशश्रेष्ठतेच्या याच कल्पनेपायी लाखो निरपराध माणसं मारली गेली, आणि फिशर त्या राज्याच्या बाजूने उभे राहिले. म्हणून १९३० सालच्या त्या प्रबंधाचं मोल आज अधिक वाटतं. परक्या भाषेत का होईना, खरं लिहिलं हे महत्त्वाचं.

परत आल्यावर मुंबईला महिला विद्यापीठात काही वर्षे त्यांनी रजिस्ट्रारचं काम केलं. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झालं, आणि बाई तिथे समाजशास्त्र शिकवू लागल्या. त्यानंतर अखेरपर्यंत, म्हणजे ११ ऑगस्ट १९७० ला त्या वारल्या तोपर्यंत, त्यांचं काम तिथेच चाललं. पण ‘तिथे’ म्हणजे खुर्चीत नव्हे. एस. टी., आगगाडी, बैलगाडी, जे मिळेल त्याने आणि नाहीतर पायी, बाई देशभर हिंडल्या. कधी गुजरातेत लांघणजला डॉक्टर सांकळियांच्या बरोबर जमीन खणून हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे तपासले, तर कधी खेड्यातल्या ओसरीवर बसून म्हाताऱ्या बायांना विचारलं, “नवऱ्याच्या बहिणीला काय म्हणता? तिच्या नवऱ्याला काय? त्याच्यापुढे डोक्यावर पदर घेता का?”

असले प्रश्न ऐकून कुणी म्हणेल, हे काय शास्त्र झालं? पण आपल्या गावात लग्नाच्या मांडवात जरा कान देऊन बसा. तेरखेड्याला म्हणा, येरमाळ्याला म्हणा, बैठकीत पहिला प्रश्न कोणता? मामाची मुलगी आहे का? असली तर तिचा मान पहिला. भावाची पोरगी बहिणीच्या पोराला देतात. मात्र भावाने बहिणीची पोरगी सून म्हणून आणणं बऱ्याच घरांत बरं मानत नाहीत. चुलतबहीण आणि मावसबहीण तर सख्ख्या बहिणीसारख्या. तिथे सोयरिकीचं नावसुद्धा काढायचं नाही. हा कायदा कुणी शिकवलेला नाही, पण शाळेत न गेलेल्या आजीलाही तो तोंडपाठ असतो.

आता हेच इंग्रजीत सांगून पाहा. मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, मावसबहीण या चौघींना इंग्रजीत शब्द एकच, ‘कझिन’. काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा, सगळे ‘अंकल’. जिथे आपल्याकडे एकीशी लग्न आणि दुसरीशी भाऊबीज, तिथे त्या भाषेला फरकच दिसत नाही. मग बाईंनी काय केलं? त्यांनी एकेका भाषेतले नात्याचे शब्द गोळा केले, ते जसेच्या तसे ग्रंथात मांडले, आणि कोणता शब्द कुणाकुणाला लागतो ते तपशिलाने समजावून दिलं. इंग्रजीच्या घरात त्यांनी आपल्या शब्दांना बसायला पाट मांडून दिले म्हणा ना!

हा ग्रंथ म्हणजे भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा अभ्यास. १९५१-५२ साली त्या लंडनच्या विद्यापीठात शिकवायला गेल्या होत्या. तिथे त्याचं पहिलं लेखन झालं आणि १९५३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात देशाचे चार विभाग पाडले आहेत : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत मुलगी लांब द्यायची, गावाबाहेर द्यायची, रक्ताच्या नात्यात मुळीच नाही. गावातल्या सगळ्या लेकी म्हणजे बहिणी. त्यामुळे नवरी जाते ती अनोळखी माणसांत. तोंडावर घुंगट येतो, माहेर तुटतं. दक्षिणेत उलट. मामाच्या घरी, आत्याच्या घरी, काही ठिकाणी तर थेट मामालाच मुलगी देतात. नवरीला सासर लहानपणापासून ओळखीचं. आणि आपण मराठी लोक? आपण मधल्या पट्ट्यात. दक्षिणेची रीत अर्धी घेतली, उत्तरेची अर्धी.

याचा पुरावा आपल्याच तोंडात आहे. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते आणि सासऱ्याला ‘मामंजी’. सासू तिची आत्या नसली तरी शब्द तोच. एके काळी सासू खरोखरच आत्या असायची आणि सासरा मामा, त्याची ही आठवण. माणसं विसरली, रीत बदलली, पण शब्दाने जपून ठेवलं. ताम्रपट आणि शिलालेख हाच इतिहास असं आपण समजतो. बाईंनी दाखवलं की सुनेची हाक हासुद्धा इतिहासाचा कागद आहे. एक गोष्ट मात्र जाताजाता सांगतो. जवळच्या रक्तात लग्न केल्याने मुलांना काही आजार होण्याचा धोका वाढतो, असं आजचं वैद्यक सांगतं. रीत समजून घेणं वेगळं आणि ती पुढे चालवणं वेगळं.

१९६१ साली बाईंचं हिंदू समाजावरचं दुसरं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात जातीचा विचार आहे. मूळ एक समाज, त्याचे तुकडे पडत गेले आणि जाती झाल्या, असं पुष्कळ पंडित मानत. त्यांचे गुरू घुर्येसुद्धा साधारण त्याच मताचे. बाईंनी कुंभारांचं उदाहरण घेतलं. महाराष्ट्रात कुंभार म्हणून आपण ज्यांना एक समजतो, त्यांच्यात निरनिराळे गट. एक गट दुसऱ्याशी सोयरीक करत नाही. चाक फिरवायची तऱ्हा वेगळी, शरीराची मापंही वेगळी. मग हे एकाचे तुकडे कसे? बाईंचं म्हणणं असं की निरनिराळे जनसमूह जवळजवळ नांदू लागले, धंद्यामुळे एका नावाखाली आले, पण आत वेगळेच राहिले. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही, आजही वाद चालतो. पण बर्लिनप्रमाणे पुण्यातही बाईंनी गुरूचं मत गुरूचं म्हणून मान्य केलं नाही, एवढं खरं.

आता पुन्हा एकदा इरावतीच्या काठी जाऊ. बाईंच्या एक वर्ष आधी, १९०४ साली, ब्रह्मदेशात एक मुलगी जन्मली. तिचं नाव म्या सेन. ब्रह्मी लोक मोठ्या बाईच्या नावाआधी ‘दॉ’ लावतात. त्याचा मूळ अर्थ मावशी किंवा आत्या. म्हणजे मान द्यायचा तो नात्याच्या शब्दानेच, आपल्यासारखा. दॉ म्या सेन ऑक्सफर्डला शिकल्या. १९३१ साली ब्रह्मदेशाच्या भवितव्यासाठी लंडनला गोलमेज परिषद भरली, तेव्हा आपल्या देशातल्या स्त्रियांच्या वतीने त्या तिथे बसल्या. १९३८ साली ब्रह्मदेशाच्या राज्यकारभारावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. इंग्रज येण्यापूर्वी तिथे मुलखाचे वंशपरंपरागत मुखिया असत. इंग्रजांनी त्यांना बाजूला सारून एकेका गावाला सरकारी मुखिया नेमला आणि जुनी घडी मोडली, हा त्यातला विषय. आपल्याकडच्या देशमुख-पाटलांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वाचताना नवल वाटणार नाही.

पुढे १९५८ साली एका अमेरिकन मासिकात दॉ म्या सेन यांनी ब्रह्मी स्त्रियांवर लेख लिहिला. ब्रह्मी स्त्रीला आडनाव नसतं. जन्माचं नाव तेच मरेपर्यंत. लग्नाने ते बदलत नाही. घरच्या मालमत्तेत तिचा वाटा असतो, बाजार तिच्या हातात असतो. हे सगळं त्यांनी इंग्रजीत का लिहिलं? कारण पूर्वेकडच्या बाया म्हणजे मुक्या आणि दबलेल्या, असं बाहेरचं जग धरून चाललं होतं. ज्या भाषेत गैरसमज पसरला त्याच भाषेत उत्तर दिलं, तर ते पोचतं. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांचा हेतू निराळा होता. त्यांना इथलं दुःख जगापुढे मांडून विधवांसाठी मदत उभी करायची होती, आणि ती त्यांनी उभी केलीही. एकीने आपला मान सांगितला, दुसरीने आपली जखम दाखवली. भाषा परकी होती; पण बोलणारी आपल्या घरातली होती, हे दोघींचं बळ.

इरावतीबाईंनाही इंग्रजीचा असा उपयोग झाला. कोयनेच्या धरणात ज्यांची घरं-शेतं गेली त्या लोकांची पाहणी त्यांनी केली. ती १९६९ साली इंग्रजीत छापली गेली. त्यात त्यांची मुलगी, लेखिका जाई निंबकर, यांचाही हात होता. उठवलेल्या माणसाचं गाऱ्हाणं त्याच्या बोलीत राहिलं असतं तर ते चावडीपर्यंत गेलं असतं. इंग्रजी अहवाल झाला म्हणून तो वरच्या साहेबाच्या टेबलावर गेला. हे बरं की वाईट, ते तुम्हीच ठरवा. पण ते तसं होतं.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शाळेची भाषा उर्दू. आमच्या वडिलांची पिढी घरी मराठीत बोलायची आणि परीक्षेत उर्दूत लिहायची. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हा कुठे अर्ज आपल्या भाषेत लिहिता येऊ लागला. वडील उर्दूवर मात्र कधी रागावले नाहीत. ते म्हणत, “भाषा कोणतीही शिकावी. पण तिच्यात रडता येत नाही, हे ध्यानात ठेवावं.”

आणि इथेच त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. इरावतीबाईंनी सगळंच इंग्रजीत लिहिलं नाही. शास्त्र इंग्रजीत लिहिलं, पण मन मोकळं केलं ते मराठीत. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ ही त्यांची लेखांची पुस्तकं काढा. ‘परिपूर्ती’त त्यांनी आपल्यालाच हसत एक प्रसंग सांगितला आहे. एका सभेत त्यांची ओळख अमक्याची सून, तमक्याची पत्नी अशी करून दिली गेली, आणि ओळख कुठेतरी अपुरी राहिली असं त्यांना वाटलं. मग रस्त्यात पोरांनी त्यांना आपल्या एका सवंगड्याची आई म्हणून ओळखलं, तेव्हा ती पुरी झाली. जर्मनीची डॉक्टर, विद्यापीठाची पंडित, आणि ओळख शेवटी नात्याची! लग्नानंतरही स्वतःचंच नाव राखणारी ब्रह्मी स्त्री हे वाचून काय म्हणेल, असं माझ्या मनात येतं. बाईंनाही त्यातली गंमत आणि टोचणी दोन्ही कळत होत्या, म्हणून तर लेख लिहिला.

पंढरीच्या वारीवरचा त्यांचा लेखही तसाच. त्या दिंडीबरोबर पायी चालल्या. एकाच दिंडीत, एकाच विठोबाचं नाव घेणाऱ्या माणसांत, ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. बाई दोन्हीकडे वावरल्या आणि तो दुरावा त्यांच्या जिवाला लागला. तरी त्याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची ओळख सापडली : ज्या मुलखातली माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र. आपल्या गावांवरून ज्यांच्या दिंड्या जातात त्यांना हे पटवून द्यायला नको. पुढे १९६२ साली हा लेख इंग्रजीत होऊन अमेरिकेतल्या मासिकात आला. पण जन्मला तो मराठीत. ‘युगान्त’ही तसंच. महाभारतातली माणसं माणसं म्हणून पाहणारं हे पुस्तक मराठीत १९६७ साली निघालं, १९६८ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि मग बाईंनी स्वतःच ते इंग्रजीत नेलं.

बाईंचं सगळंच बिनचूक होतं असं मी म्हणणार नाही. भारतीय समाजाकडे त्यांनी बरंचसं जुन्या संस्कृत ग्रंथांच्या आणि हिंदू कुटुंबाच्या अंगाने पाहिलं. नात्यांच्या त्या मोठ्या ग्रंथात मुसलमान घरांचा विचार फार थोडा आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात तर एकाच आळीत ‘मामू’ आणि ‘मामा’ या दोन्ही हाका ऐकू येतात. ती पोकळी पुढच्या माणसांनी भरायची आहे.

ती कुणी भरायची? शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, ते काम तुमचं-माझंच आहे. त्याला बर्लिनला जायला नको. पाचवी-सहावीच्या मुलांना एक वही द्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून नात्याचे शब्द लिहून आणा म्हणावं : कुणाला काय हाक मारता, कुणापुढे पदर घेता, कुणाची थट्टा चालते, कुणाची चालत नाही. वर्गात जितक्या जाती, जितक्या बोल्या, तितक्या तऱ्हा निघतील. आमच्या शाळेत हे आम्ही करून पाहिलं. मागच्या बाकावरचा तो पोरगा सगळ्यांत मोठी यादी घेऊन आला. आजीने सांगितलेले काही शब्द तर मलाही ठाऊक नव्हते.

मी त्याला म्हणालो, “बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. बाईंनी इंग्रजीत लिहिलं म्हणून जगाला आपण कळलो. पण आपल्याला आपण कळायचं तर कुणीतरी मराठीत लिहायला हवं. ते तू लिही.”

तो म्हणाला, “आणि मग आजीला वाचून दाखवू?”

“आधी आजीलाच वाचून दाखव,” मी म्हणालो. “चुकलं असेल तर तीच सांगेल.”